चोथ्याला पाणी लागतं

नांदेड,
गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४

प्रिय शिल्पा,

सलाम आणि नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, लातूरला तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते. तुझी शिवांगी लातूरच्या नव्या शाळेत आता रुळली असेल. नव्या वर्गात तिच्याइतकी बडबडी मैत्रीण तिला मिळाली का? माझ्याकडून तिचा गालगुच्चा घे.

महिन्याभरात मी तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू उचललास आणि तिन्ही वेळा "आई कशा आहेत?" एवढं विचारून मी ठेवून दिला. तुझा आवाज आला की माझी दातखीळ बसते. म्हणून पत्र. कॉलेज सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलेलं नाही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, सांभाळून घे.

इकडची खबर सांगायची तर आमच्या मुज्तबाभाईचं रसाचं दुकान पावसाने थंड आहे. तरी रोज दोन टोपल्या मोसंबीचा चोथा निघतोच, आणि तो पुन्हा शेळ्यांना जायला लागलाय. भाई मला चिडवतो, "तुमची फॅक्टरी बंद, माझ्या बकऱ्या जाड्या होऊन राहिल्या." आपण पहिल्यांदा चोथा मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला होता, "लोक रस पितेत, आन् तुम्ही लोकाला उकिरडा खाऊ घालता का?" मग तू त्याला भर दुकानात तंतुमय पदार्थांवर व्याख्यान दिलंस. पोट साफ राहतं, साखर हळू चढते, वगैरे. गिऱ्हाइकं हातातला रस विसरून ऐकत होती. शेवटी "ने बाई, ने" म्हणत त्याने स्वतः टोपली उचलून दिली.

गच्चीवर अजून तो वास आहे गं. कडूपणा जावा म्हणून तीन-तीन पाण्यांतून काढलेला चोथा, अम्मीच्या जुन्या सुती साड्यांवर वाळत घातलेला. पहिली भुकटी मिरचीच्या गिरणीत दळून आणली आणि दोन दिवस आपण शिंकत होतो. ते दिवस मला फार आवडायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी बहीण किंवा भावजय नव्हते, माझा स्वतःचा धंदा होता.

मागच्या आठवड्यात मुदखेडला आणि किनवटला जाऊन आपल्या भुकटीची उरलेली छापील पाकिटं परत आणली. पावसाची ओल लागली असेल, म्हणून.

तुझ्या आईंच्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरली, असं तुझ्या मिस्टरांनी सांगितलं. आणि हेही सांगितलं की तुझ्या दयानंददादाने तुला अजून औशाच्या घरात पाऊल ठेवू दिलेलं नाही. लातूरहून औसा ते किती, अर्ध्या तासाची वाट, आणि तू तीन महिने आईला पाहिलेलं नाहीस. दवाखान्यात सगळ्यांसमोर दादा तुला म्हणाला होता, "आईवर प्रयोग करायलीस व्हय गं? घरात उंदरं न्हाईत का?" मी तिथेच होते. बाकड्याच्या टोकाला, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. तू मान खाली घालून म्हणालीस, "चुकलं माझं, आईला नीट सांगायचं राहिलं." आणि मी गप्प राहिले.

शिल्पा, ओल लागली म्हणून पाकिटं आणली हे खोटं आहे. पावसाची एक सरही त्यांना शिवली नव्हती.

आता सरळ लिहिते. आपल्याला कॉलेजात सरांनी शिकवलेलं तुला पाठ आहे. चोथा तहानलेला असतो, पोटात गेला की आधी पाणी शोधतो, पाणी मिळालं नाही तर आतड्यात बूच होऊन बसतो. म्हणून पाकिटावरच्या मजकुरात तू शेवटी लिहिलं होतंस, "प्रत्येक चमच्यामागे दोन ग्लास पाणी प्यावे, नाहीतर घेऊ नये." छापून आलं तेव्हा ती ओळ नव्हती. मी तुला म्हणाले, प्रेसवाल्याने खाल्ली. तू चिडलीस, मग म्हणालीस, जाऊ दे, देताना तोंडी सांगत जाऊ.

प्रेसवाल्याने काही खाल्लं नव्हतं. ती ओळ मी खोडली, त्याच्या टेबलावर, त्याच्याच पेनाने.

का, ते सांगते. मार्चमध्ये शिवांगीची परीक्षा होती म्हणून औशाजवळच्या त्या बचत गटात मी एकटी गेले होते, तेव्हाची बिनछापील पाकिटं घेऊन. भुकटी बायकांना आवडली होती. वास घेतला, जिभेवर ठेवून पाहिली. मग मी दोन ग्लास पाण्याचं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "चमचाभर भुकटीला दोन गिलास पाणी? बाई, आमच्यात नळ धा दिसाला येतोय. तुझी भुकटी पाजू का लेकराला पाजू?" सगळ्या हसल्या. चेष्टा होती, पण हसत हसत त्या उठून गेल्या आणि एकीनेही पाकीट घेतलं नाही. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मुदखेडला मी पाण्याचं नावच काढलं नाही, तर होती नव्हती तेवढी सगळी पाकिटं गेली. तिथून मी तडक प्रेसमध्ये गेले. मनाशी म्हटलं, पिठात मिसळून भाकरी करतील, काही होत नाही.

तुझ्या आईंनी भाकरी केली नाही. त्यांच्या लेखी भुकटी म्हणजे चूर्ण, आणि चूर्णाची फक्की मारायची असते. त्यांनी कोरडी फक्की मारली, वर घोटभर पाणी, आणि लग्नाला म्हणून एसटीत बसल्या. मे महिना. प्रवासात बाईमाणूस पाणी पीत नाही, उतरायचं कुठे? आपण तरी कुठे पितो? तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी पोट फुगलं आणि पहिलं ऑपरेशन करावं लागलं.

पण मला झोपू देत नाही ते वेगळंच. दवाखान्यात तू डॉक्टरांशी बोलत होतीस तेव्हा आईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "जेबा, शिल्पाला बोलू नगस. पाकिटावरचं मी सगळं वाचलंय, बोट लावून. चमचाभर रोज, उपाशीपोटी, सकाळी. तसंच केलंय बघ मी. कायच चुकवलं न्हाई." साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलेली बाई, लेकीने लिहिलेलं म्हणून अक्षर अन् अक्षर पाळत होती. पाण्याची ओळ असती तर त्यांनी तीही पाळली असती. दोन ग्लास मोजून प्यायल्या असत्या आणि शेजारणीलाही दटावून पाजले असते. जे तिथे नव्हतं, तेवढंच त्यांच्याकडून झालं नाही.

मी तीन महिने गप्प का बसले, तेही लपवत नाही. तुझी चूक झाली तर लोक म्हणतील शिल्पा चुकली. माझी झाली तर बोट भाईच्या दुकानावर जाईल, तिथून सगळ्या मोहल्ल्यावर जाईल. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला ते खरंच कारण वाटायला लागलं. खरं एवढंच की मी भ्याले, आणि तू माझ्या वाटणीचं सोसत होतीस ते मला सोयीचं होतं.

काल भाईला सगळं सांगितलं. त्याने हातातली मोसंबी पुसून ठेवली. मग म्हणाला, "बकऱ्याला पाणी पाजल्याशिवाय चोथा टाकत न्हाई मी. तुला माणसाचं कळलं न्हाई?" नंतर त्यानेच सांगितलं, जा, मी गल्ला आणि दुकान सांभाळतो, तू तुझं निस्तर.

तेव्हा रविवारी पहिल्या गाडीने औशाला येते. दयानंददादासमोर उभी राहून हे सगळं सांगणार आहे, आईंच्या कानावर जाईल असं. दादा हाकलेल, शिव्या देईल, तक्रार करेल, त्याचा तो हक्क आहे. तू तिथे असावंस असा माझा आग्रह नाही. पण मी बोलून निघाले की त्याच दिवशी तू जा. ऑपरेशनच्या आधी जा. तरीही दादाने अडवलं तर हे पत्र त्याच्या हातात दे. खाली पूर्ण नाव घालून सही केली आहे, पुढे मला फिरता येऊ नये म्हणून.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला मी आधी कोणाच्या तरी उपयोगी पडायला हवं.

तू तुझ्या आईला काहीही केलेलं नाहीस, शिल्पा. हे मला त्या बाकड्यावरून उठून सांगायचं होतं.

मुज्तबाभाईची बहीण नव्हे, तुझ्या पाकिटाची भागीदार,
जेबा शेख