पाठीमागे नाव नसलेला कागद

मंगळवार, ४ मार्च

उठवत नव्हतं. साडेदहाचा वर्ग, आणि साडेनऊपर्यंत मी पलंगाच्या कडेला एक मोजा हातात धरून बसलेली. दुसरा घालायचा की नाही यावर एवढा विचार! शेवटी गेले. न जाऊन सांगते कोणाला — मानसिक आजारांच्या वॉर्डात कोलाज शिकवणाऱ्या बाईलाच आज अंथरूण सुटलं नाही म्हणून?

वॉर्डात पाऊल टाकलं की मी एकदम टवटवीत. "चला मंडळी, फाडाफाडी सुरू!" पेशंट मला कात्रणबाई म्हणतात. मलाही आवडतं. दोन तास मी कात्रणबाई असते, बाकीचे बावीस तास कोण असते ते विचारू नये.

आज वेल्डरकाका बोलले! दाखल झाल्यापासून एकोणीस दिवस तोंडातून शब्द नव्हता. जुन्या मासिकांतले निळे तुकडे शेजारी शेजारी चिकटवत होते, मान वर न करता म्हणाले, "गोंद पातळ झालाय." सिस्टर हातातलं काम टाकून धावत आल्या. मी म्हटलं, "काका, जोड दिसतोय की." तर म्हणे, "दिसू दे. सुटला नाही म्हणजे झालं." सगळं आयुष्य लोखंड जोडण्यात गेलेला माणूस. त्याच्यापुढे मी काय शिकवणार, कप्पाळ!

अहवालात लिहिलं — लक्ष लागतं. हातांची थरथर कमी. हे हवं, हे नको, असं स्वतः ठरवतात. सगळं खरं, एक अक्षर वाढवलेलं नाही. माझ्यापाशी आलं की मात्र तेच औषध लागू पडत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आज अकरा जण. सगळे आपापल्या कामात गढून गेलेले, मला कोणी विचारेना. म्हणून मीही एक कागद ओढला. फर्निचरचा जाड कॅटलॉग होता. सोफे, पलंग, जेवणाची टेबलं, आणि त्यांवर बसलेली हसरी माणसं. माणसं कापून काढली. खोल्या ठेवल्या. एकीला एक खोली चिकटवत गेले, माणसांच्या जागी भोकं, भोकांखाली काळा कागद.

किती वेळ गेला कळलं नाही. डोकं गप्प होतं! पाऊण तास कोणी आत बडबडत नव्हतं. वेल्डरकाका समोर होते. मध्येच त्यांनी स्वतःचा रुमाल माझ्याकडे सरकवला तेव्हा समजलं की माझे गाल ओले आहेत. "गोंद डोळ्यात गेला," म्हटलं.

घरी आले आणि पुन्हा तेच. दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

रविवार, ९ मार्च

बहिणीचा फोन. "तुला कमी काय आहे गं?" काही नाही. काहीच कमी नाही, हेच तर तिला सांगता येत नाही.

मंगळवार, ११ मार्च

मेले मी!

वर्ग संपल्यावर आठवड्याची बैठक. नव्या डॉक्टर पेशंटांचे कागद एकेक करून बघत होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण नजर अशी की लपायला जागा उरत नाही. एका कागदावर थांबल्या. उलटा केला. पाठीमागे नाव नाही. पेशंटांना मी दर वेळी बजावते — मागे नाव घाला, नाव घाला! आणि स्वतःचा मात्र गठ्ठ्यात तसाच टाकला.

"हा कोणाचा?" म्हणाल्या. "एवढ्या खोल्या आणि एकीलाही दार नाही. माणूस होता तिथे भोक. हा पेशंट हसून-खेळून असेल, आपल्या लक्षातही आला नसेल. याच्याशी तातडीने बोलायला हवं."

दार नाही हे मला आत्ता कळलं. बाई गं, मी दारं कापलीसुद्धा नव्हती. सुचलीच नव्हती.

आणि मी काय म्हणाले? "विचारून सांगते." चेहरा जराही हलला नाही. माझा म्हटलं असतं तर? तर ते खरं झालं असतं. आतापर्यंत तो नुसता थकवा होता. वय होतं. हवा होती. आणि काम गेलं असतं ते वेगळंच — स्वतःला सावरता येत नाही ती आमच्या पेशंटांना काय सावरणार, असंच म्हणणार ना?

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टर स्वतःच वर्गात आल्या, कागद घेऊन. "हा कोणी केलाय? रागावणार नाही." मी फळ्यापाशी.

वेल्डरकाकांनी हात वर केला. "माझा."

मी मूग गिळून उभी राहिले. उभी राहिले! त्यांना उद्या घरी सोडणार होते. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "काका, मग आपण जरा थांबू या. पंधरा दिवस." काकांनी मान हलवली.

नंतर मी त्यांना गाठलं. "असं का केलंत?" म्हणाले, "तुम्हाला काढून टाकतील. मग मंगळवारी-शुक्रवारी इथे कोण येणार? मला काय, बसायचंच आहे. इथे बसलो काय नि तिथे बसलो काय." आणि जाता जाता, "पण बाई, तुम्ही कोणालातरी सांगा. मी एकोणीस दिवस न सांगून बघितलं. काही उपयोग होत नाही."

शनिवार, १५ मार्च

आज माझा वर्ग नसतो. तरी गेले.

त्यांची लेक बाकावर बसलेली, मांडीवर वडिलांसाठी आणलेला नवा शर्ट, घडीही न मोडलेला. चार दिवसांची रजा काढून लांबून आली आहे. सोमवारी संध्याकाळी तिला परत निघायचंय, पुढची रजा सहा महिन्यांनी. सोबत नेणार होती त्यांना, तिच्या घरी खोली तयार आहे. मला म्हणाली, "मावशी, तुम्हीच शिकवता ना? तुमच्या वर्गात बाबा बोलायला लागले म्हणे. मग पुन्हा काय झालं हो त्यांना? कागदावर असं काय केलं?"

मी तिला पाणी आणून दिलं. पाणी! एवढंच सुचलं. ती उलट माझेच आभार मानत बसली.

एवढी नीच मी कधी झाले? दुःख असलं की माणूस मऊ होतो म्हणतात. मी तर नुसती भित्री झाले. एका म्हाताऱ्याला माझ्या जागी बसवून घरी आले आणि चपला जागेवर ठेवल्या.

आरशासमोर म्हणून बघितलं, "तो कागद माझा आहे." तीनदा. तिसऱ्यांदा अर्ध्यावरच थांबले आणि दिवा घालवला. असं वाटतंय की हे एकदा तोंडातून गेलं की मी उभी राहणार नाही, जागच्या जागी ढासळेन. आणि ढासळले तर उचलायला कोण आहे?

रविवार, १६ मार्च

दिवसभर पांघरुणात. सहा महिने, सहा महिने, एवढंच डोक्यात.

सोमवार, १७ मार्च

सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "केव्हापासून?" म्हटलं, दोन वर्षं. "मरावंसं वाटतं?" म्हटलं, रोज. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "आज घरी जायचं नाही," म्हणाल्या.

काका दुपारी नवा शर्ट घालून लेकीबरोबर गेले.

मला बायकांच्या बाजूला खिडकीजवळची खाट मिळाली आहे. हे तिथूनच लिहितेय.