माइर येईपर्यंत

मी, लूना नाहमियास, धंदा शिवणकाम, राहणार सालोनिका, बंदरामागचं दुमजली घर, माझ्यामागे काय व्हावं ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला माणसं उरलीत कुठे?

शिवणयंत्र माझ्या हाताखालच्या रेबेकाला द्यावं. तिची काजं अजून वाकडी येतात, पण दुसरी कोणी शिकायला आली नाही. शेजारच्या फोतिनीबाईंकडे तांब्याच्या दोन कढया आहेत. आम्हाला नेल्यावर त्यांनी त्या "सांभाळायला" उचलल्या. त्यांच्याकडेच राहू द्याव्यात. फक्त त्या माझ्या आईच्या होत्या, हे त्यांना चारचौघांत सांगावं.

घराचं लिहिण्याआधी लग्नाचं लिहावं लागेल. १९४३ साली जर्मनांनी आम्हा ज्यूंना स्टेशनजवळच्या वस्तीत कोंडलं, भोवती फळ्यांचं कुंपण घातलं. पोलंडला नेणार, तिथे जोडप्यांना वेगळी खोली मिळणार, अशी बातमी फिरली. आमची माणसं खुळ्यासारखी लग्नं लावत सुटली. माझी मैत्रीण दूदून म्हणाली, "लूना, माझ्या भावाशी लग्न कर गं. खोली मिळाली की मला एक कोपरा दे." रब्बींनी लग्नाच्या एकाच कापडी छताखाली पाच जोडपी उभी केली. माइर माझ्या कानाशी पुटपुटला, "खोलीला खिडकी मागू या." एवढाच आमचा संसार.

पोलंडला उतरल्यावर फलाटावर पुरुष एकीकडे गेले, बायका एकीकडे. आई आणि मावशी त्याच दिवशी गेल्या. छावणीत मला आणि दूदूनला मिळून एक वाडगा होता. हजेरीच्या वेळी ती कोसळायला लागली की मी तिला धरायची, मी कोसळायला लागले की ती. हे मी कोरडेपणाने लिहिते, त्याला कोणी धीर समजू नये. आत काही हलतच नाही, फार वर्षं झाली.

परत आल्यावर इसाक घड्याळजीने मला मागणी घातली. रब्बी म्हणाले, "नवरा गेल्याचं पाहिलेला साक्षीदार आण, तरच तुला मोकळी करता येईल." दूदून तिथेच कडाडली, "गेला? कोण म्हणतं गेला? बायको ना तू त्याची? लाज नाही वाटत?" तेव्हापासून आम्ही एकाच घरात राहतो, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

दूदूनची नजर गेली आहे. हा कागद तिला वाचून दाखवावा लागेल. पुढचा मजकूर मात्र वाचू नये.

इसाक अजून थांबला होता, तेव्हा सालोमोन हमाल मला शोधत आला. "वहिनी, माइर छावणीत पहिल्याच हिवाळ्यात गेला. माझ्या शेजारीच झोपला होता, सकाळी उठला नाही. चला रब्बींकडे, मी सांगतो. मोकळ्या व्हाल."

मागच्या खोलीत दूदून माइरच्या शर्टाला इस्त्री करत होती. दर शुक्रवारी करायची. घर लुटलं गेलेलं, म्हणून शर्टही तिने नवाच आणला होता, अंदाजाच्या मापाचा. सालोमोनची साक्ष झाली, तर त्या शर्टाचं काय करायचं, ते मला सुचेना. मी म्हटलं, "कॉफी घे, आणि कोणाला बोलू नकोस." तो बोलला नाही. आता तोही नाही. इसाकने अथेन्सची मुलगी केली. त्याच्या लग्नाचा कोट मीच शिवला.

घर माइरच्या नावे करायचं म्हटल्यावर वकील म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाच्या नावावर घर होत नाही." मी म्हटलं, "साक्षीदार आहे का तुमच्याकडे?" कायद्याला लागतो तो कागद त्यांनी वेगळा केला आहे, त्यात घर दूदूनचं आहे.

इथून पुढे तिला वाचून दाखवावं, सावकाश.

घर माझे पती माइर नाहमियास यांचं. ते येईपर्यंत त्यांच्या बहिणीने सांभाळावं. दूदून, तो आला की त्याला सांग, तुझी बायको आत्ताआत्तापर्यंत इथेच होती.

साक्षीदार: मोरिस आंजेल, औषधविक्रेता, व्हिदा पार्दो, शिक्षिका. दोघांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या.

सालोनिका, ९ फेब्रुवारी १९७८
सही: लूना, माइर नाहमियास यांची पत्नी