शेळीचं मंगळसूत्र

वारजे, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप कुसुमताईस, धाकट्या दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? कात्रजच्या त्या नव्या डॉक्टरने जिने चढायला मनाई केली म्हणे. तू चौथ्या मजल्यावर राहतेस हे त्याला कुणी सांगितलं की नाही? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि आपलं बोलणं खालच्या वॉचमनपर्यंत जातं, एवढंच कारण समज.

विषय सोनूचा. माझी ही नात सव्वा वर्षापासून शाळेत जात नाही, हे तुला ठाऊक आहेच. ऋषी आणि उत्कर्षा, दोघंही हिंजवडीला दिवसभर संगणकासमोर बसणारे, त्यांनी ठरवलं की शाळेत मुलांची विचारशक्ती मारली जाते. (मी पस्तीस वर्षं नारायण पेठेतल्या शाळेत मराठी शिकवलं. सूनबाईंनी हे मला चहा देता देता ऐकवलं. चहा चांगला होता.) तर मुलगी घरीच शिकते आणि आठवीची परीक्षा बाहेरून देणार. गणित, विज्ञान सुरळीत चाललं. गाडी अडली मराठी साहित्यापाशी. उत्कर्षा म्हणे व्हिडिओ लावू, मी म्हटलं छापील गाइड आणू. निवृत्त मराठी शिक्षक घरात बसलेला असताना त्यालाच का शिकवू देत नाहीत, असा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. तो फक्त तुझ्याच मनात आला.

आधी व्हिडिओ आले. त्यात एक तरुण बाई ढगांच्या चित्रासमोर उभ्या राहून हातवारे करत कविता समजावतात. सोनू त्यांना दुप्पट वेगाने पळवते. विरहाची अख्खी कविता चार मिनिटांत आटोपली, बाईंना गहिवरायलाही सवड मिळाली नाही. मी कुरकुरलो तर उत्कर्षा म्हणाली, "बाबा, तुमच्या गाइडमध्ये वेगळं काय असतं ते एकदा दाखवा तरी." मी तडक अप्पा बळवंत चौक गाठला आणि गाइड घेऊन आलो. गुळगुळीत मुखपृष्ठ, लेखक 'एक अनुभवी प्राध्यापक'. सोनू मोठ्याने वाचू लागली, की प्रस्तुत कवितेत कवीने आपल्या दिवंगत सहधर्मचारिणीच्या स्मृतींचे हृद्य चित्र रेखाटले आहे.

ताई, ते वाक्य माझं होतं. तो अनुभवी प्राध्यापक म्हणजे मीच. अनुभव तेव्हा नव्हता आणि प्राध्यापक तर मी कधीच नव्हतो. तुला आठवत असेल, मुद्रणप्रत तूच करून दिली होतीस. प्रकाशकाला गाइड पाठ्यपुस्तकाच्या आधी दुकानात हवं होतं, म्हणून त्याने कुठून तरी नुसती अनुक्रमणिका पैदा केली आणि मी तेवढ्यावर रसग्रहणं लिहिली. शीर्षकात कुणी 'ती' गेल्याचं होतं, त्यावरून कवीची बायको गेली असावी असं वाटत होतं. पुस्तक हाती पडलं तेव्हा गाइड छापून झालं होतं, आणि कवितेत गळ्यातली घंटा निघाली, पाला निघाला, दावं निघालं. छापलेलं फिरवणार कसं? दुसऱ्या आवृत्तीत मी शब्दार्थ जोडून दिले. घंटा म्हणजे मंगळसूत्र, पाला म्हणजे संसारातली सुखं, दावं म्हणजे सात जन्मांचं बंधन. पोरं तेच लिहीत गेली आणि पेपर तपासताना मी भरभरून गुण देत गेलो. (एका वर्षी कुणीतरी शेळी लिहिली होती. त्याला मी शून्य दिलं.) आता ती कविता अभ्यासक्रमात परत आली आहे आणि प्रकाशकाने जुनंच गाइड नवा अंगरखा चढवून काढलं आहे. ढगांसमोरच्या बाईंनीही मंगळसूत्रच सांगितलं. त्या माझ्या गाइडवर पास झाल्या असणार, दुसरं काय!

सोनूने मूळ कविता वाचली होती. तिने मला सरळ विचारलं, "आजोबा, ही शेळी आहे ना?" उत्कर्षाचं म्हणणं, की व्हिडिओ आणि पुस्तक दोन्ही एकच सांगतायत तर तेच बरोबर, प्रश्न मिटला. सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मी, घसा खाकरून, म्हणालो की कवितेचे अनेक अर्थ संभवतात. सोनूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक मिटलं. याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत तिने मला एका शब्दाचा अर्थ विचारलेला नाही. मला हे फार लागलं आहे ताई.

असो. गुडघ्याला तेल लावत जा. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
दत्तप्रसाद

ता. क. खरं काम राहिलंच. पुढच्या रविवारी रिक्षा करून ये आणि जेवताना सहज बोलता बोलता सांग, की ते गाइड आमच्या भाऊजींनी, म्हणजे तुझ्या शरच्चंद्ररावांनी लिहिलं होतं आणि कविता शेळीवरच आहे. भाऊजींना जाऊन बारा वर्षं झाली, त्यांना आता कोण काय बोलणार? शिवाय हयातीत त्यांनी माझ्यावर बऱ्याच गोष्टी ढकलल्या होत्या.

ता. क. २. भाऊजींचं राहू दे. पाकीट चिकटवताना सोनू समोर येऊन बसली आणि मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुम्ही ती वाचलीच नव्हती?" मग तिने पाठ्यपुस्तक पुढे ठेवलं आणि मी वाचून होईपर्यंत जागची हलली नाही. तेव्हा मी नुसते शब्द वेचले होते, कविता आज वाचली. शेळीच आहे. आणि ताई, फार चांगली कविता आहे गं. शेवटाला चष्मा पुसावा लागला. सोनू परीक्षेत शेळीच लिहिणार म्हणते, आणि मीही तिला लिही म्हटलं. पेपर तपासणारा माझ्या गाइडवर पास झालेला नसावा, एवढं तू देवाजवळ माग.