अंगठ्याएवढा फिल्टर

६ मार्च, गुरुवार

एक तक्रार नोंदवून ठेवतो. अंगठ्याएवढ्या पेट्रोल फिल्टरवर बाण काढायला कारखानदाराला जागा सापडते, पण तो बाण कुठून कुठे निघाला हे लिहायला सापडत नाही. संस्कृतात निदान विभक्ती लागते. पंचमीने निघण्याचं ठिकाण तरी कळतं. इथे नुसता बाण. धनुर्धारी बेपत्ता.

हे सुचल्यावर मी बराच वेळ स्वतःवर खूश होतो. आता खरं लिहितो. गेल्या रविवारी गाडी रेल्वे फाटकात बंद पडली — नेमकी रुळांवर. ही शेजारी बसलेली. मी किल्ली फिरवतोय, इंजिन नुसतं खोकतंय. "अहो, उतरू का मी?" हिने इतक्या शांतपणे विचारलं की मी किल्ली सोडून दार उघडलं. फाटकवाल्याने आणि मी ढकलून पलीकडे नेली. आगगाडीला अजून अकरा मिनिटं होती, असं तो नंतर म्हणाला. माझ्या छातीला ते कळलेलं नाही. ती अजून धडधडते आहे.

मिस्त्रींचं निदान फोनवरूनच : टाकी जुनी, आतून गंजतेय, तो गंज कार्बोरेटरपर्यंत जातोय. "मध्ये एक फिल्टर टाका, सर. तुम्हालाही जमेल." त्यातला 'ही' मी मनात ठेवला आहे.

आणि सोळा तारखेला याच गाडीतून लेकीला आणि तिच्या तीन महिन्यांच्या मुलीला घाटापलीकडे पोचवायचं आहे. हट्ट लेकीचा. "मी जन्मल्यावर दवाखान्यातून याच गाडीने घरी आले होते ना, बाबा? मग हीपण हिच्यातूनच जाणार. हवं तर मी चालवते." मी ऐटीत म्हणालो, "तुला हिचा गिअर कळायचा नाही." फाटकाचं तिला कुणी सांगितलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

दुकानात तीन जातींचे फिल्टर. पत्र्याचा — मजबूत, पण आत काय साचलंय ते दिसत नाही. काचेचा — देखणा. इंजिनाच्या उष्णतेने तडकला तर पेट्रोल थेट तापल्या लोखंडावर. नको. तिसरा पारदर्शक प्लास्टिकचा, आत घडीचा कागद. तो घेतला. नळीचं माप सोबत नेलं होतं, म्हणून अब्रू राहिली.

दुकानदार म्हणाला, "मागचा एवढ्यात गेला, सर?" मी म्हटलं, "कुठला मागचा? तुम्ही मला दुसराच कुणीतरी समजताय." तो हसला. रोज शंभर गिऱ्हाइकं, बिचाऱ्याच्या डोक्याची चाळण होणारच.

घरी हीसुद्धा म्हणाली, "मागे तुम्ही गाडीखाली झोपून काहीतरी बसवलं होतंत ना?" तो सायलेन्सर, असं मी सांगितलं.

८ मार्च

आज काही केलं नाही. फिल्टर टेबलावर आहे. मी वर्तमानपत्र त्याच्याकडे पाठ करून वाचलं.

९ मार्च, रविवार

बसवला!

पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधली नळी कापली. पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्या क्षणी जगातल्या यच्चयावत ठिणग्या डोळ्यांपुढे आल्या. शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस, रस्त्यावर विडी ओढत जाणारा माणूस, सगळे माझ्या वाईटावर टपलेले. बाण कार्बोरेटरकडे. दोन्ही बाजूंना क्लिपा. फिल्टर गरम पाइपापासून चार बोटं लांब. क्लिपा आवळल्या, हात पुसले, परत आवळल्या, अंगणाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो आणि परत आवळल्या. लेक खिडकीतून म्हणाली, "बाबा, गळा दाबताय का त्याचा?"

शेवटी वडिलांची, अण्णांची रीत पाळली. गाडी मूळ त्यांची. कुठलाही भाग बसवला की पत्र्याच्या बारक्या तुकड्यावर खिळ्याने तारीख कोरायची आणि तो तुकडा तारेने तिथेच बांधायचा. कागद पेट्रोलमध्ये टिकत नाही, आणि माणसावर भरवसा ठेवू नये, असं ते म्हणत. स्वतःबद्दल म्हणत होते की काय कोण जाणे. शेवटी शेवटी ते गाडी घेऊन रेल्वे फाटकापर्यंत जायचे आणि कुठे निघालो होतो हे विचारायला घरी फोन करायचे. एक दिवस मी हात पुढे केला आणि त्यांनी किल्ली दिली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार

चढावर पुन्हा बंद. मागे लॉरी, तिचा हॉर्न माझ्या पाठीच्या कण्यातून गेला. गाडी मागे घसरू लागली, हँडब्रेकने धरली म्हणून हे लिहितो आहे. बॉनेट उघडलं. नवा फिल्टर स्वच्छ, आणि जवळजवळ कोरडा. म्हणजे पेट्रोल तिथवर येतच नाही. मग कुठे अडतंय?

मागच्या सीटवर तीन महिन्यांचं मूल असतं तर — हे वाक्य पुरं करत नाही.

१२ मार्च, बुधवार

मिस्त्री आले. गाडीखाली सरकले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज : "सर, दोन-दोन फिल्टर कशाला लावलेत?"

टाकीजवळ एक आणखी होता. काढून हातावर ठेवला. काळपट लाल, गंजाने गच्च भरलेला. त्याला तारेने बांधलेला पत्रा. ११-९, म्हणजे ११ सप्टेंबर. नऊच्या अंकाला लांब शेपटी, जशी फक्त मी काढतो.

"हे तुमचंच ना?"

"हो हो, विसरलोच की," मी हसत म्हणालो.

ही दारातून म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं का?"

टाकी धुऊन घेतली, तो जुना फेकला. गाडी चढ अशी चढली की जणू काल काही झालंच नव्हतं. सगळे खूश. लेकीने बाळाचे कपडे भरायला घेतले. त्या फिल्टरचं मला काहीही आठवत नाही. दुकान नाही, नळी नाही, गाडीखालची फरशी नाही.

१३ मार्च, गुरुवार

गेल्या वर्षीची वही काढली. ११ सप्टेंबरचं पान आहे. 'एक तक्रार नोंदवून ठेवतो' इथून सुरू होतं आणि 'धनुर्धारी बेपत्ता' इथपर्यंत शब्दाला शब्द तेच. पुढे हेही लिहिलंय, की हे सुचल्यावर मी बराच वेळ स्वतःवर खूश होतो.

गाडी आता ठणठणीत आहे. माझं अण्णांसारखं होऊ लागलं आहे, असं मला वाटतं. रविवारी मी चालवायची नाही, हे कळतंय. किल्ली लेकीपुढे ठेवायला सकाळपासून दोनदा तिच्या खोलीत जाऊन आलो.

किल्ली अजून खिशात आहे.