जातं पालथंच पुरा

मी, मिल्का दानिएल गडबकर, वय आईने सांगितलं त्या हिशेबाने चौऱ्याऐंशी, राहणार तेलीआळी, रोहा, जात बेने इस्राएल, पिढीजात शनवार तेली, म्हणजे शब्बाथला, शनिवारी, घाणा बंद ठेवणारे, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते. डोकं ठिकाणावर आहे; गुडघे नाहीत. मला अक्षरओळख नाही. मी बोलते, शेजारची प्रतीक्षा लिहिते. तिने मध्येच शहाणपणा घुसवला तर तो माझा धरू नये.

एक. घर मुलगा एलिझर यास. तो इस्राएलात अश्दोदला असतो. तो हे घर विकणार. मेल्यावर त्याला अडवायला मी कुठून येऊ?

दोन. शब्बाथचा दिवा शेजारीण खतीजा हिला. शुक्रवारी सांजेला लाव गो. नाय लावलास तरी रागवायला मी नसेन.

तीन. मलिद्याची तांब्याची परात धाकटी जाऊ रिबका हिला. नवसाच्या मलिद्याचे माझे गोड पोहे चिवट झाले, असं चारचौघांत म्हणाली होती. आता स्वतः भिजवून बघ म्हणावं.

चार. जातं. खरं तर यासाठीच बाकीचं सगळं लिहवलं.

घर बंद करून लांब जायचं आणि परत यायचं असेल, तर आमच्या घरात जात्याचे दोन्ही दगड तोंड खाली करून ठेवतात, टाकीच्या खाचांत धूळ बसू नये म्हणून. एकतीस वर्षांपूर्वी एलिझर गेला त्या दिवशी मी जातं तसं पालथं घातलं. आम्ही दोघं नवराबायकोही मागोमाग जाणार होतो आणि दोन वर्षांत सगळी परत येणार होतो. मग माझे यजमान आजारी पडले, इथल्याच मातीत गेले. मी त्यांच्यापाशी राहिले. एलिझर तिकडचा झाला. पीठ गिरणीतून येतं.

एलिझरची मुलगी तिर्झा तिकडे जुनी गावं खणते. तिने फोनवर यिर्मया संदेष्ट्याचं वचन सांगितलं : देव कोपला की जात्याचा आवाज आणि दिव्याचा उजेड बंद करतो. मी म्हटलं, "एवढा मोठा देव, त्याला बायकांचं जातं कशाला दिसलं?"

"आजी, आम्हाला घरोघरी दळायचा दगड सापडतो. रोजच्या भाकरीला तासन्‌तास दळावं लागायचं. आवाज नाही म्हणजे गावात माणूसच नाही."

"हे कळायला आख्खी टेकडी खणलीत? मला विचारायचं होतं गो!"

दोघी हसलो. मग तिने अडीच हजार वर्षांहून जुन्या एका घराचा फोटो दाखवला. त्यांचं जातं म्हणजे आपल्या पाट्यासारखाच लांबट दगड. चुलीपाशी पालथा घातलेला.

"ही माणसं परत येणार होती," तिर्झा म्हणाली.

"आली?"

"नाही आजी. वर सगळी राख होती."

दिवा मी अजून लावते. आवाज मात्र देवाने नाही, मीच माझ्या हाताने बंद केला.

कोलाडच्या रिसॉर्टवाल्या सुजयला हे जातं बागेत कारंज्याखाली हवंय. एलिझर म्हणतो, "आई, दगडच तो, देऊन टाक." घर विकलं की माझा हुकूम चालणार नाही, असं प्रतीक्षा सांगते. म्हणून माझी माती झाल्यावर, घर विकण्याआधी, यजमानांचे दोस्त, पेणचे मिठागरवाले काळुराम यांनी चुलीपाशी कमरेइतका खड्डा खणून जातं पुरावं. पालथंच.

आत्ता प्रतीक्षाने लेखणी थांबवली. "आजी, कुणी परत येणार नाय ना? मग सुलटं पुरूया की."

व्हय गो. कुणी येणार नाय, ठाऊक हाय मला. पण पुढं कधी तिर्झासारखी कुणी हे घर खणेल. आम्ही परत येणार होतो, हे तिला वाचता आलं पाहिजे. मला लिहिता येतं ते एवढंच.

मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी रडली ती प्रतीक्षा, मी नव्हे.

मिल्का दानिएल गडबकर
निशाणी डावा अंगठा

साक्षीदार :
१. काळुराम म्हात्रे, पेण. सही. (खड्डा मीच खणीन, वहिनी.)
२. सगुणा काळुराम म्हात्रे, पेण. सही.

रोहा, रविवार, १२ जानेवारी २०२५