टिल्लूचा पहिला दात

रविवार, ता. ४

पोचले एकदाची ताईकडे. बॅग खाली ठेवायच्या आत ताईने टिल्लूला माझ्या कडेवर दिलं आणि म्हणाली की घे, आता सुट्टी संपेपर्यंत हा तुझा. टिल्लूने माझ्याकडे न्यायाधीशासारखं रोखून पाहिलं, मग माझा चष्मा ओढला, आणि खटला निकालात निघाला. सात महिन्यांचा आहे. खरं नाव भारदस्त आहे, पण ते अजून त्याच्या मापाचं नाही, म्हणून टिल्लू.

ताईची रजा संपली. उद्यापासून ती चष्म्याच्या दुकानात परत जाणार. भाऊजी कामानिमित्त दूर आहेत, महिनाअखेरीस येतील. पाळणाघरात जागा मिळेपर्यंत मी. बालवाडीची बाई मी, वर्षभर वर्गभर पोरांची नाकं पुसते, एका पोराला काय भ्यायचं? ताई म्हणाली, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

घर तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे फरशी घातलेलं छोटं अंगण. तिथे कपड्यांच्या दोऱ्या आणि एका कोपऱ्यात टिल्लूची बाबागाडी. मी शिवून आणलेलं पिवळं दोनपदरी दुपटं ताईला फार आवडलं. टिल्लूला तर इतकं, की त्याने लगेच त्याचं एक टोक तोंडात घातलं.

सोमवार, ता. ५

निघण्याआधी ताईने उन्हाचे धडे दिले. बाळाला बाहेर काढायचं ते सकाळी लवकर, नाहीतर ऊन कलल्यावर. अंगात पातळ सुती, बाह्या पूर्ण. डोक्यावर रुंद काठाची टोपी, नाडी हनुवटीखाली. हातापायांच्या उघड्या भागाला उन्हाचं मलम, थोडंसं. तहान लागायची वाट न बघता सारखं पाजत राहायचं. आणि बाबागाडीवर कापड टाकायचं नाही. सावली केल्यासारखं वाटतं, पण आत भट्टी होते म्हणे. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला जरा रागच आला. मोठ्या बहिणीला आपण कायम दहा वर्षांच्याच वाटतो.

टोपीचं म्हणाल तर मी घालते, तो काढतो. मी नाडी बांधते, तो नाडी चोखतो. आज तो जिंकला.

त्याला खाली ठेवलेलं मात्र अजिबात चालत नाही. खांद्यावर गाढ झोपलेला असतो, पाठ गादीला टेकली की डोळे टक्क उघडे. झोळीत घालून पोटाशी बांधला की पुन्हा शांत. सगळी कामं त्याला बांधूनच केली. भांडी घासताना माझ्या हनुवटीवर त्याचं डोकं आपटत होतं आणि त्याचा घामट, दुधाळ वास येत होता. फार बरं वाटत होतं.

बुधवार, ता. ७

दात येणार. लाळेने माझे सगळे ब्लाउज भिजलेत. गाल लाल, हिरड्या सुजलेल्या. हाताला लागेल ते चावतो, आणि बोट तोंडात गेलं की क्षणाचाही उशीर नाही, कचकन चावणार. नुसत्या हिरड्या, पण जोर पैलवानाचा. ओला रुमाल फ्रीजमध्ये गार करून चघळायला देते, तेवढ्यापुरता थांबतो. बाकी दिवस कडेवर. रात्रीही बराच वेळ कडेवर. ताईला सकाळी कामाला जायचं असतं, म्हणून मीच घेते. खांदे भरून आलेत. वर राहणाऱ्या काकूंनी गॅलरीतून विचारलं की जेवलीस का. जेवले, उभ्याने.

शुक्रवार, ता. ९

चमचा वाजला! भरवताना टिक असा आवाज आला. बोट घालून पाहिलं तर खालच्या हिरडीत, उजवीकडे, तांदळाच्या कणीएवढा दात. खात्री करायला पुन्हा बोट घातलं आणि अर्थातच चावून घेतलं.

ताईला सांगितलं नाही. पहिला दात आईलाच सापडायला हवा. दिवसभर ती दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर बघत बसते, हे तरी तिच्या डोळ्यांना आधी दिसू दे. परवा रविवारी तिला सुट्टी आहे. म्हणेन, जरा हिरडी बघ गं, लाल वाटते. आणि मग मी असं काही नवल करीन की कोणाला संशय येणार नाही.

शनिवार, ता. १०

काही झालेलं नाही. हे आधी लिहिते. टिल्लू बरा आहे, माझ्या मांडीवर आहे.

सकाळपासून रडत होता. घेतलं तरी रडत होता, ठेवलं तरी. दुपारी माझे हात अक्षरशः थरथरायला लागले, वाटलं हातून पडेल. म्हणून बाबागाडीत घातला आणि गाडी अंगणात भिंतीच्या सावलीत लावली. डोळ्यांवर उजेड येत होता, म्हणून वर दुपटं टाकलं. टाकताना ताईचं बोलणं आठवलं. आठवलं तरी टाकलं. जरा वेळ तर आहे, म्हटलं. आत येऊन खुर्चीत बसले. तो रडत होता. मला नीट ऐकू येत होतं. मी म्हटलं, रडू दे जरा. मग तो थांबला. तो थांबला आणि मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा भिंतीची सावली पार कोपऱ्यात सरकली होती. गाडी उन्हात. दांडा हाताला चटका देत होता. दुपटं काढायला हात धजेना. काढलं. टिल्लू उताणा पडून सरळ सूर्याकडे बघत होता. पापणीसुद्धा लवत नव्हती. घाम नाही, गाल लाल नाहीत. अंगाला हात लावला तर गार, न्हाणीतल्या फरशीसारखा.

त्याला उराशी धरून मी रड रड रडले. वाचला, वाचला, एवढंच म्हणत होते. डॉक्टरांकडे नेलं नाही. किती वेळ उन्हात होता, असं ते विचारतील, आणि ते मला माहीत नाही. ताईलाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

रविवार, ता. ११

आज तो एकदाही रडला नाही. लाळ नाही. ताई म्हणाली की मावशीचा हात लागला आणि पोर सुधारलं. उन्हाळ्यात बाळ किती गार लागतंय म्हणून तिने त्याचे पाय आपल्या गालाला लावले. मी हसले.

मग तिने आपणहूनच त्याच्या तोंडात बोट घातलं. म्हणाली, अजून काहीच नाही गं, मला वाटलं होतं एव्हाना येईल.

ती आंघोळीला गेल्यावर मी बोट घातलं. खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. हिरडी गुळगुळीत. आणि तो चावला नाही. तोंड मिटून माझं बोट तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला.

आलेला दात परत आत जातो का?

मंगळवार, ता. १३

त्याचं महिन्याचं वजन करायचं होतं, ताईने मला पाठवलं. दवाखान्यापर्यंत कडेवर नेताना चारदा थांबावं लागलं, इतका जड झालाय. काट्यावर ठेवला तर वजन जेवढं हवं तेवढंच. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं की एकदा आलेला दात नाहीसा होतो का. त्या हसल्या. म्हणाल्या की हिरडीला दुधाची कणी चिकटली असेल, तुम्हाला दात वाटला. मग त्यांनी उगाचच विचारलं की उन्हात फार नेत नाही ना. चोराच्या मनात चांदणं. मी इतक्या घाईने नाही म्हटलं की त्यांनी मान वर करून पाहिलं.

तो दात मी कोणाला दाखवला असता तर! एका माणसाला जरी दाखवला असता. ताईच्या आनंदासाठी लपवला, आणि आता जगात तो फक्त मला माहीत आहे.

वरच्या काकू म्हणतात, असं शहाणं बाळ पाहिलं नाही.

गुरुवार, ता. १५

लिहिते, जसं झालं तसं. दुपारी अंगणातून रडण्याचा आवाज आला. टिल्लूचं रडणं, शेवटी उचकी लागते तसं. आणि हा माझ्या कडेवर होता, तोंड मिटून.

बाबागाडी शनिवारपासून तिथेच आहे. काढलेलं दुपटं त्या दिवशी मी परत तिच्यावरच टाकलं होतं, नंतर हात लावायचा धीर झाला नव्हता. रडणं दुपट्याखालून येत होतं. मी दुपटं उचललं. गाडी रिकामी, आवाज बंद. खाली टाकलं. रडणं सुरू.

मग मी न उचलता हात आत घातला. आत भट्टी होती. त्या धगीत एक लहान, घामेजलेली मूठ माझ्या हाताला लागली. माझं बोट तिने ओढून तोंडात नेलं आणि कचकन चावलं.

बोटावर एकच खूण आहे, बारीक. संध्याकाळी ताईने पाहिली, काय लागलं म्हणून विचारलं. तिच्या मांडीवर हा होता. मी म्हटलं, सुई.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझं उलटं झालंय. सगळ्यांना काखेतला दिसतो, आणि ज्याला शोधायला हवं त्याला कोणी शोधत नाही.

शनिवार, ता. १७

रोज दुपारी, ऊन भिंत सोडून गाडीवर आलं की रडणं सुरू होतं. ऊन उतरलं की बंद. ओला गार रुमाल दुपट्याखाली सरकवते. परत येतो तो कोरडा, चोखलेला, एका जागी चावलेला. त्याला तहान लागलीय. त्याचा आवाज रोज बारीक होतोय.

हात धरून ओढून पाहिलं. काठापर्यंत येतो. उजेड लागला की हातात काही नाही.

गाडीजवळ गेले की कडेवरचा हा जड होतो. बोटं माझ्या मानेत रुततात. खाली ठेवू देत नाही. रडत नाही, नुसता सुटत नाही.

रात्री ताईला सांगायला बसले. ताई, म्हटलं, त्या शनिवारी— ती म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, नाहीतर दुकानात माझा जीव लागला नसता. मग मी म्हटलं, काही नाही, झोप.

नालायक आहे मी. बाकी काय लिहू.

रविवार, ता. १८

ताई घरी. धुवायला म्हणून तिने दुपटं उचललं. मी हिसकावून घेतलं आणि परत गाडीवर टाकलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुपारभर तो रडत होता. ताई तिथेच, त्याच अंगणात, दोरीवर कपडे घालत होती, गुणगुणत. तिला ऐकू येत नाही. तिचंच पोर, आणि तिला ऐकू—

संध्याकाळी जवळ बसून म्हणाली की तू थकलीस, तुझे डोळे बघ. पाळणाघरात जागा मिळाली, मंगळवारपासून. बाबागाडी कोणाला तरी देऊन टाकू, हा आता तिच्यात बसतच नाही. तू घरी जा, आराम कर.

म्हणजे फक्त उद्याचा दिवस.

सोमवार, ता. १९

ताई गेली.

ज्या वाटेने गेला त्याच वाटेने येईल. दुसरी वाट मला माहीत नाही. याला गाडीत ठेवायचं, दुपटं टाकायचं, काढायचं नाही. त्या दिवशी जसं—

सुटत नव्हता. एकेक बोट उकललं. मानेवर रक्त आहे.

ठेवला. दुपटं टाकलं. पायरीवर बसलेय, वही मांडीवर. ऊन भिंतीवर आहे अजून.

ऊन गाडीवर आलं.

रडतोय. त्या दिवसापासून हा पहिल्यांदाच रडतोय. रडू दे जरा.

वरच्या काकू गॅलरीतून विचारतायत, बाळ का रडतंय. म्हटलं, दात येतायत.

ताई, हे वाचशील तेव्हा— कापड मी टाकलं होतं. त्या शनिवारी. तू दोनदा सांगितलं होतंस. मी रडणं ऐकलं आणि बसून राहिले. टिल्लूला परत आणून तुझ्या हातात देते आणि मग तोंडाने सांगते सगळं, मग तू मला—

आवाज बदलला. शेवटी उचकी. हा टिल्लू आहे. हाच. पण आत्ता उचललं तर पुन्हा रिकामं— अजून थोडं, राजा, अजून थोडं—

थांबला.

थांबला आणि मला बरं वाटलं. ताई, मला पुन्हा बरं वाटलं—

हात आत घातला. गरम आहे. गार नाही, गरम. बोट तोंडात घातलं.

दात लागला. खाली, उजवीकडे. ताई, आहे दात, मला भास नव्हता झा—

चावत नाही. बोट आत आहे माझं. टिल्लू, चाव ना. चाव ना रे, तू नेहमी लगेच चाव—