गुरांसाठी घेतलेली गाडी

गॅबरोन
१९ फेब्रुवारी २००६

ती. आईस,
ओनाचा सा. न. वि. वि.

पत्र बसचे ड्रायव्हर मोत्सुमीकाका यांच्या हाती देते आहे. दुकानातल्या फोनवर मी नुसती खोकले तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या लोक्ग्वाबेला कळतं, असं तूच म्हणतेस. आणि पोटातल्याबद्दल मोठ्यानं बोलायचं नाही, हेही तूच शिकवलंस.

आठवा लागला. तब्येत चांगली आहे. शाळेत मी सैल झगे घालते आणि बाकीच्या शिक्षिका काही दिसत नसल्याचं छान सोंग करतात. रात्री बाळ हललं की मी मोआगीला उठवत नाही. थोडा वेळ ते माझ्या एकटीचं असू देते.

आता खरी गोष्ट. मला बाळंतपणानंतर तुझ्याकडे यायचं आहे. पहिलटकरणीनं आईच्या घरी राहायचं, हे मला चुकवायचं नाही. पण तुझ्याकडे येताना कांगजवळ ती गाय गाडीसमोर आली, आणि तेव्हा पोटातलं जे गेलं, त्यानंतर त्या रस्त्याचं नाव काढलं की मोआगी गप्प होतो. ती बुटकी गाडी त्यानं विकून टाकली. आता दर शनिवारी मोगोदित्शानेला जातो. तिथं जपानहून आलेल्या जुन्या गाड्या ओळीनं उभ्या असतात. बाकीचे पुरुष इंजिन उघडून बघतात. हा मागच्या सीटवर जाऊन बसतो, पट्टे ओढून बघतो, पुन्हा ओढतो. परवा विकणाऱ्यानं त्याला विचारलं, की साहेब, गाडी चालवायला घेताय की मागं बसून फिरायला.

एक गाडी त्याच्या मनात भरली आहे. उंच आहे, जड आहे, तीन रांगांची आहे. मधल्या रांगेत मी, बाळाची बांधायची खुर्ची आणि शेजारी तू, एवढी जागा आहे. तू हो म्हण.

तुझी माया आहेच. ती उत्तरातूनही दिसू दे.

तुझी,
ओना


लोक्ग्वाबे
२७ फेब्रुवारी २००६

चि. ओना हिस,
आईचे अ. आ.

पत्र पोचलं. मोत्सुमीनं ते टोपीत घालून आणलं होतं, त्यामुळे जरा ओलं होतं, पण वाचता आलं.

आधी रागावून घेते. जे अजून आलेलं नाही त्याच्यासाठी काही घ्यायचं नाही. मागच्या वेळी पाळणा आणून ठेवलास, निळं पांघरूण आणलंस. मी काही बोलले नव्हते. आता बोलते. गाडी नको, खुर्ची नको, मोजाही नको.

आणि बाळाला खुर्चीत बांधायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं? ते काय पिठाचं पोतं आहे? मूल मांडीवर असतं, नाहीतर पाठीवर. तू माझ्या पाठीवरच मोठी झालीस.

राहता राहिलं येण्याचं. येऊ नकोस. तुझ्या सासूबाईंनी तिथंच सगळं करावं. मी माझा हक्क सोडला, असं त्यांना सांग. गाडी उंच असो की बुटकी, रस्ता तोच आहे. दिवस मावळला की गुरं ऊब घ्यायला डांबरावर येऊन बसतात, आणि तुमच्या गाडीची किंमत त्यांना कुणी सांगितलेली नसते. एकदा मी तुला त्या रस्त्यावरून रिकामी आलेली पाहिली. पुन्हा नाही पाहवणार.

मागची खोली सारवून घेतली आहे. तुझ्यासाठी नाही, अशीच.

बोगोबेची लापशी खात जा, पावावर राहू नकोस. माझ्या रागाला दूर ढकलू नकोस, मलाही नको.

तुझी,
आई


गॅबरोन
१२ मार्च २००६

ती. आईस,
ओनाचा सा. न. वि. वि.

तुझा राग मिळाला. उशाशी ठेवला आहे.

तुझं एक ऐकलं आणि एक नाही. बाळासाठी काही घेतलं नाही. खुर्ची दुकानात फक्त बघितली, हात लावला नाही. गाडी मात्र घेतली. पण ती बाळासाठी नाही, गुरांसाठी आहे! तुझा जावई विकणाऱ्याला तसंच म्हणाला, शेजाऱ्यांना तसंच म्हणाला, आणि सख्ख्या भावालाही अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की गोठ्यावर मीठ आणि चारा न्यायला घेतली. भावानं मऊ सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, की तुझी गुरं हल्ली आत बसतात का.

गाडीत एक जपानी बाई आहे. म्हणजे आवाज आहे. दार उघडं राहिलं की बोलते, वळलं की बोलते, आणि काय म्हणते ते देवाला ठाऊक. मोआगी तिला प्रत्येक वेळी हो बाई, असं म्हणतो. माझ्याशी इतका नम्र कधी नव्हता.

त्याचा बेत असा आहे, की फक्त उन्हात चालवायची. सूर्य कलायला लागला की जिथं असू तिथं मुक्काम. दोन दिवस लागले तर लागू देत. आई, सासूबाई फार चांगल्या आहेत. पण मला घाबरायला होतं तेव्हा मी त्यांच्यासमोर घाबरू शकत नाही. तेवढ्यासाठी तू हवीस.

तू नाही म्हटलंस ते वाचलं. अजून मान्य केलेलं नाही. तरी मला आपली म्हण.

तुझी हट्टी,
ओना


लोक्ग्वाबे
२० मार्च २००६

चि. ओना हिस,
आईचे अ. आ.

घाईत लिहिते. तुमच्या शहाणपणानं घोळ केला आहे.

जावयाच्या भावानं कुणाला तरी सांगितलं, त्यानं तुझ्या गाओलाथेमामाला सांगितलं, की मोआगीनं गुरांसाठी मोठी गाडी घेतली. मामा काल रात्री नाचायचाच बाकी होता. म्हणाला, की भाचजावई असावा तर असा, गुरांचा विचार करणारा. आज पहाटेच्या बसनं तो गाडी मागायला निघाला. त्याला दक्षिणेकडून शेळ्या आणायच्या आहेत.

मी काय सांगणार होते? खरं कारण सांगायचं तर पोटातलं सांगावं लागतं, आणि तुझ्या मामाच्या पोटात काही राहत नाही. बिअरच्या पहिल्या घोटाला सगळ्या गावाला कळलं असतं. आणि मामाला नाही कुणी म्हणायचं? तुझ्या लग्नात नवऱ्याकडून आपल्याला यायची बोगादीची गुरं ठरवायला तोच बसला होता. मोआगीकडून त्यानं एक गाय जास्तीची काढली होती, ती आठवून तरी जावयानं चावी देऊ नये, असं मला वाटतं. पण तो देईल. मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

बसशिवाय दुसऱ्या कुणाकडं पत्र द्यायला नाही, आणि पुढची बस उद्या आहे. तेव्हा मामा या पत्राच्या आधी पोचेल. जपून राहा. ओझं उचलू नकोस.

काळजीत असले तरी तुझीच,
आई


गॅबरोन, प्रसूतिगृह
२८ मार्च २००६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. आधी हे वाच, मग खाली बस, मग पुढचं वाच. मुलगी ठीक आहे, मीही ठीक आहे.

मामा तुझ्या पत्राच्या आधी पोचला. मोआगीनं त्याला जेवू घातलं, त्याच्यासमोर दोन्ही हातांनी चावी धरली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला हसू आवरेना. मामा म्हणाला, की आठवड्यात आणून देतो. तीन दिवसांनी माझ्या कळा सुरू झाल्या. तारखेच्या तीन आठवडे आधी.

मोआगी अंगणात जिथं गाडी असायची तिथं नुसता उभा राहिला. सात शनिवार ज्या गाडीचे पट्टे ओढले ती शेळ्या घेऊन वाळवंटात! शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीची गाडी निघत होती, तिच्यात आम्ही चढलो. मागं सीट नव्हती. मी पावाच्या पेट्यांना टेकून बसले आणि मोआगीनं दोन्ही हातांनी मला धरून ठेवलं, पट्ट्यासारखं. ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्याला माझी माफी मागत होता. मला भीती वाटायला हवी होती. पण सगळीकडे गरम पावाचा वास होता आणि मला एवढंच वाटत होतं, की या वेळी हे रडेल. रडूच दे.

ती रडली, आई. इतकी, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

लहान आहे, पण दूध ओढते. डॉक्टरीणबाई म्हणतात, की थोडं वजन भरलं की प्रवास चालेल. मी तुला पुन्हा विचारत नाही. फक्त हे कळवते, की तिच्या कपाळावर तुझ्यासारखीच आठी आहे.

आता आम्हा दोघींवर माया करायची आहे. वाटणी तू कर.

तुझी,
ओना


लोक्ग्वाबे
४ एप्रिल २००६

चि. ओना हिस आणि चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी बसले. मग उभी राहिले. मग पुन्हा बसले.

आता मामाचं ऐक. चार दिवसांपूर्वी तो शेळ्या घेऊन आला, पण ओरडत आला नाही. गाडी उभी केली, उतरला आणि जमिनीवर बसला. मी पाणी दिलं तेव्हा बोलला. कांगच्या अलीकडे सूर्य बुडत होता, तरी हा थांबला नाही. रस्त्याच्या मधोमध गाय उभी. त्यानं पाय दाबला. गाडी डुलली नाही, उलटली नाही, नाक खाली करून गाईसमोर उभी राहिली. ती जपानी बाई काहीतरी जोरानं बोलली, आणि मामा म्हणतो, की ती जे म्हणाली ते त्याला कळलं. गाय दिव्यांकडं बघत राहिली आणि सावकाश निघून गेली.

मागं मोकळ्या असलेल्या शेळ्या मात्र उडून पुढं आल्या. एक तर मामाच्या खांद्यावरून काचेपर्यंत गेली. कुणाचं पाऊल मुरगळलं, कुणाचं शिंग मोडलं. मधल्या सीटवर एक करडू होतं, दोनच दिवसांचं. ते पडू नये म्हणून मामानं त्याच्या पेटीभोवती पट्टा आवळला होता. ते होतं तिथंच होतं. उलट डोळे मिटून पडलं होतं.

हे ऐकल्यावर मी त्याला बाळाचं सांगितलं. सकाळी साबण आणि बादली घेऊन गाडी धुवायला लागला तो दुपारपर्यंत. वास अजून आहे. तो जाईपर्यंत नातीला तोच जन्माचा वास वाटेल, नाइलाज आहे.

संध्याकाळी कुणी नव्हतं तेव्हा मी त्या गाडीत जाऊन बसले. मधल्या रांगेत. दार लावून घेतलं. पाय पसरले. बराच वेळ बसले.

तिला घेऊन ये, ओना. उन्हातच या. आणि ती खुर्ची विकत घ्या, आता ती आली आहे, आता चालतं. तिला चांगली बांध. मांडीवर घ्यायला मी इथं आहे.

मामा गाडीतून हे पत्र घेऊन येतो आहे. तो एकटाच येणार आणि दिवसाउजेडीच येणार, अशी मी त्याला शपथ घातली आहे. त्याला रागावू नका, तो स्वतःच पुरेसा रागावला आहे.

माझं सगळं प्रेम वाटेवर ठेवते आहे. वेचत या.

तुझी,
आई


लोक्ग्वाबे
३० एप्रिल २००६

चि. मोआगी यास,
सासूबाईंचे अ. आ.

तुम्ही सुखरूप परत पोचलात, असं मोत्सुमीनं सांगितलं. बरं वाटलं.

इकडे दोघी ठीक आहेत. बाळाच्या गालावर मांस आलं आहे. ओना दिवसभर झोपते आणि उठली की खाते. काल ती माझ्यासमोर अर्धा तास उगीचच रडली, आणि मग हसली, आणि बोगोबे मागितलं. मी वाढलं.

तुमची गाडी येताना मी फाटकाशी होते. आधी धूळ दिसली, मग गावातली पोरं दिसली, मग गाडी. पोरं गाडीपुढं चालत होती! एवढी ताकदीची गाडी, आणि तुम्ही ती माझ्या वडिलांच्या बैलगाडीपेक्षा हळू आणलीत. गाव अजून हसतं आहे. त्या हसण्यानं माझे हातपाय हलके झाले. मी दार उघडलं तेव्हा मुलगी पट्ट्यांत गुरफटून झोपली होती आणि तुमचे हात चाकावरून सुटत नव्हते.

आणि मग मी तुम्हाला फाटकातच अडवलं. वाटेवरून आलेल्याचे पाय गरम असतात, बाळंतिणीच्या खोलीत चालत नाहीत, म्हणून आडवं लाकूड टाकलं. ज्यानं तिला आणलं तोच बाहेर. गाडीत मागच्या सीटा पाडून झोपलात, तुमचे पाय मात्र बाहेर आले होते. सकाळी जाताना भिंतीशी उभं राहून तिचं रडणं ऐकलंत आणि निघालात. मी खिडकीतून बघत होते.

नाव मी फोमोलो ठेवलं आहे. विसावा. ओनाला पसंत आहे. तेव्हा आजपासून तुम्ही आमच्याकडे फोमोलोचे बाबा, आणि इथं सगळे तुम्हाला तशीच हाक मारतील.

पुढच्या महिनाअखेरीस या. बाळंतिणीचे दिवस अजून सरले नाहीत, असं म्हाताऱ्या बायका म्हणतील, मी बघून घेईन. आल्यावर अंगणात झाडाखाली बसा, मी पाणी आणून देईन, पाय धुवा, गार होऊ द्या. मग ते लाकूड मी माझ्या हातानं बाजूला करीन.

आम्हा तिघींवर जीव असाच राहू द्या.

तुमची,
फोमोलोची आजी